हे खरंच तू लिहिलंस?



घरातली पहिली शिकलेली पिढी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना हा प्रश्न नवा नाही. निबंध चांगला उतरला की वही वर धरून विचारले जाते, "खरं सांग, कोणी लिहून दिला?" वर्ग हसतो. पोर मान खाली घालून उभे राहते. आपणच लिहिले हे दाखवायला त्याच्याजवळ काय असते? शाईने माखलेली बोटे, बस्स.

हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या ग्रंथांच्या लेखकांनाही विचारला गेला आहे. कोणाला मेल्यावर, कोणाला जिवंतपणी. आणि तो कोणाला विचारला जातो, याकडे नीट पाहिले की बऱ्याच गोष्टी ध्यानात येतात.

सर्वांत गाजलेला वाद शेक्सपिअरचा. इंग्रजी विषय घेतलेल्या मुलामुलींच्या कानावर तो कधी ना कधी येतोच, आणि घरी येऊन ती मोठ्या उत्साहाने सांगतात की शेक्सपिअरची नाटके शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, ती म्हणे एका सरदाराने लिहिली. २०११ साली या कल्पनेवर इंग्रजीत एक चित्रपटही निघाला. तेव्हा आधी त्याचेच पाहू.

इंग्लंडातल्या स्ट्रॅटफर्ड गावच्या चर्चच्या वहीत २६ एप्रिल १५६४ रोजी विल्यमच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. बाप जॉन हा हातमोजे शिवणारा. कातडे कमावण्याचे कामही त्याच्याच घरी चाले. पुढे तो गावच्या कारभारात वर चढला, पण धंदा कातड्याचाच. मुलगा गावच्या लॅटिन शाळेत शिकला असावा. त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या नोंदीच उरलेल्या नाहीत. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नाही. लंडनला जाऊन तो नट झाला, नाटकमंडळीचा भागीदार झाला, सुमारे ३८ नाटके आणि १५४ सुनीते लिहिली, पैसा केला, गावात मोठे घर घेतले आणि १६१६ साली वारला.

त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे कोणी शंका घेतली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती सुरू झाली, आणि तिचे मूळ एकाच वाक्यात सांगता येते: राजदरबार, कायदा, इटलीतली शहरे, सरदारांची शिकार, हे सगळे मोजेवाल्याच्या पोराला कोठून ठाऊक?

या शंकेला ग्रंथरूप दिले ते डेलिया बेकन या अमेरिकन बाईने, १८५७ साली. फ्रान्सिस बेकन, वॉल्टर रॅले अशा बड्या मंडळींनी मिळून ही नाटके लिहिली, असे तिचे म्हणणे. (आडनाव सारखे असले तरी नाते काही नव्हते.) तिच्यावर हसणारे पुष्कळ झाले. मला मात्र तिचे वाईट वाटते. ती स्वतः गरीब धर्मोपदेशकाची मुलगी, ओहायोत लाकडी खोपटात जन्मलेली. भाऊ येल महाविद्यालयात शिकला, तिला बाई म्हणून ते दार बंद. स्वतःच्या बळावर वाचून ती व्याख्याने देण्याइतकी विद्वान झाली. अशा बाईला तरी कळायला हवे होते की पदवीवाचूनही माणूस शिकतो! पण तिलाही ते पटले नाही. दोन वर्षांनी, १८५९ साली, वेड्यांच्या इस्पितळातच ती गेली.

मग १९२० साली लूनी नावाच्या इंग्रज शाळामास्तराने ऑक्सफर्डचा सरदार एडवर्ड डी व्हिअर पुढे केला. डॉक्टर फ्रॉइडसारखा माणूसही त्याच्या बाजूला गेला. अडचण एवढीच की हा सरदार १६०४ साली वारला. 'टेम्पेस्ट' नाटकात तर १६०९ साली बर्म्युडाच्या बेटांवर फुटलेल्या जहाजाच्या हकिगतींचा आधार घेतलेला दिसतो. काही जणांनी मार्लो या नाटककाराचे नाव घेतले, कारण तो केंब्रिजचा पदवीधर. तो १५९३ सालीच मारला गेला, हे तर आहेच. पण मौज अशी की हा मार्लो स्वतः कँटरबरीच्या एका चांभाराचा मुलगा होता, शिष्यवृत्तीवर शिकलेला! त्या काळचा दुसरा मोठा नाटककार बेन जॉन्सन, त्याचा सावत्र बाप गवंडी, आणि स्वतः जॉन्सननेही थापी धरलेली. म्हणजे त्या वेळची इंग्रजी रंगभूमी ज्यांनी उभी केली, त्यांत कातडे आणि विटा हाताळणाऱ्यांची पोरे होतीच. सरदारांची वाट कोणी पाहत बसले नव्हते.

पुरावा म्हणाल तर तो साधा आहे. शेक्सपिअरच्या मृत्युपत्रात तीन सोबती नटांना अंगठ्या घेण्यासाठी पैसे ठेवलेले आहेत. त्यांपैकी दोघांनी, हेमिंग आणि कॉन्डेल यांनी, १६२३ साली त्याची ३६ नाटके एकत्र छापली आणि ती आपल्या मित्राची म्हणून छापली. त्याला ओळखणाऱ्या बेन जॉन्सनने त्या ग्रंथाला स्तुतीची कविता जोडली. आणि त्याही आधी, १५९२ साली, रॉबर्ट ग्रीन या विद्यापीठात शिकलेल्या लेखकाच्या नावाने निघालेल्या एका पुस्तिकेत या नटाची टर उडवलेली आहे: आम्हा शिकलेल्यांच्या बरोबरीने हा कविता करू पाहतो! जळफळाट होता, पण तो लिहितो हे त्यांनाही मान्य होते. (ती पुस्तिका खुद्द ग्रीनची की ती छपाईला देणाऱ्या चेटलची, हाही एक वाद आहे. असो.)

त्याच्या एका विनोदी नाटकात दाढीच्या आकाराला उपमा दिली आहे मोजेवाल्याच्या कातडे तासायच्या हत्याराची. आपल्याकडे रापी म्हणतात तसलेच ते. सरदाराच्या वाड्यात रापी कोण पाहतो? हा काही पक्का पुरावा नव्हे, पण मला ती ओळ वाचताना फार बरे वाटते.

शंका घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. शेक्सपिअरची काही नाटके जोडीने लिहिलेली आहेत. शेवटच्या दोनतीन नाटकांत फ्लेचरचा हात आहे, आणि २०१६ सालच्या ऑक्सफर्डच्या आवृत्तीने सहाव्या हेन्रीवरच्या नाटकांना मार्लोचे नाव सहलेखक म्हणून जोडले. हे ठरले ते शब्दांची मोजदाद करून, वृत्ताची तपासणी करून. बापाचा धंदा विचारून नव्हे.

शेक्सपिअरला मेल्यावर अविश्वासाने काही तोटा झाला नाही. नाटके चालूच राहिली. पण ज्यांना जिवंतपणी हा प्रश्न विचारला गेला, त्यांचे काय?

१७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून 'फिलिस' नावाच्या जहाजाने सातआठ वर्षांची एक मुलगी बोस्टनला आणून विकली. दुधाचे दात पडत होते, त्यावरून वय ठरवले. व्हीटली नावाच्या शिंप्याने तिला विकत घेतले आणि जहाजाचेच नाव तिला दिले. त्या घरात ती इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, कविता लिहू लागली. १७७२ साली बोस्टनमध्ये पुस्तक काढायचा प्रयत्न झाला, गिऱ्हाईक मिळाले नाही. १७७३ साली ते लंडनला छापले गेले. पण नुसते छापून कसे भागेल? गुलाम मुलीने हे लिहिले यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून प्रकाशकाने पुस्तकाच्या आरंभी एक दाखला छापला. वसाहतीचा गव्हर्नर, त्याचा दुय्यम, धर्मोपदेशक, व्यापारी आणि तिचा मालक, अशा १८ प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्या: होय, या कविता हिच्याच असे आम्ही मानतो.

इंग्रजी कवितांच्या पुस्तकाला अठरा साक्षीदार! या अठरा जणांनी तिला समोर बसवून तोंडी परीक्षा घेतली, अशी हकिगत नेहमी सांगतात. तशा बैठकीचा कागद मात्र कोठेही मिळालेला नाही. दाखला आहे, आणि तेवढा पुरे आहे. एवढे करूनही टॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि ज्यांच्या शेतावर शेकडो गुलाम राबले, त्यांनी तिला कवयित्री मानायचे साफ नाकारले. लिहितानाही तिच्या कविता असे न म्हणता तिच्या नावावर छापलेल्या रचना, असे सावधपणे लिहिले. फिलिसने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली, ते कधी छापले गेले नाही. डिसेंबर १७८४ मध्ये ती गरिबीत वारली.

अमेरिकेतल्या गुलामगिरीची गोष्ट आपल्या वाचकांना परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. त्या साली तिकडे एक साठ वर्षांची बाई हयात होती. तिनेही गुलामगिरीवर एक पुस्तक लिहिले होते, आणि ते तिचेच आहे हे जगाने मान्य करायला आणखी शंभरावर वर्षे जायची होती. तिचे नाव हॅरिएट जेकब्स.

हॅरिएटचा जन्म १८१३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या इडेंटन गावी, गुलाम आईबापांच्या पोटी. आई लहानपणीच गेली. पहिल्या मालकिणीने तिला वाचायला आणि शिवायला शिकवले. ती मालकीण मेली तेव्हा मृत्युपत्राने हॅरिएट तिच्या तीन वर्षांच्या भाचीला मिळाली. म्हणजे खरे तर त्या भाचीच्या बापाला, डॉक्टर नॉरकॉमला. मुलगी वयात येऊ लागली तसा हा डॉक्टर तिच्या मागे लागला. त्याच्यापासून सुटका म्हणून तिने गावातल्या दुसऱ्या एका गोऱ्या वकिलाचा आधार घेतला. त्याच्यापासून तिला दोन मुले झाली. आपल्या पुस्तकात हा भाग तिने लपवला नाही, आणि स्वतःला फार सोडलेही नाही.

१८३५ साली ती पळाली. डॉक्टरने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पकडून देणाऱ्यास १०० डॉलर बक्षीस. ही खरी जाहिरात आजही पाहायला मिळते. त्यात तिचे वर्णन करताना तो लिहून गेला आहे की ही बाई सहज, अस्खलित बोलते आणि शिवणकामात चांगली आहे.

तो तिला दूरदूर शोधत होता. ती होती त्याच गावात, आजीच्या घरी. कोठाराच्या छपराखाली एक माळा होता: नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सर्वांत उंच जागी तीन फूट. उभे राहता येत नाही, कुशीवर वळायला गेले तर छप्पर लागते. उन्हाळ्यात छपरातली राळ वितळून खाली ठिबके, हिवाळ्यात पाय गारठत. त्या पोकळीत ती जवळजवळ सात वर्षे राहिली. सापडलेल्या एका गिरमिटाने तिने फळीला भोके पाडली आणि त्यांतून खाली खेळणारी आपली मुले पाहिली. मुलांना ठाऊक नव्हते आई डोक्यावर आहे.

आता इथे जरा थांबा, कारण आपल्या विषयाचा गाभा इथेच आहे. माळ्यावरूनच तिने डॉक्टरला चकवायला पत्रे लिहिली. वर्तमानपत्रातून न्यूयॉर्कच्या रस्त्यांची नावे काढली, पुढची तारीख घातली आणि विश्वासू माणसाकरवी ती पत्रे न्यूयॉर्कच्या टपालात पडतील अशी व्यवस्था केली. एक डॉक्टरला, एक आजीला. डॉक्टर फसला. पण मग तो आजीकडे आला आणि हॅरिएटचे पत्र म्हणून जे वाचून दाखवले ते तिचे नव्हतेच! तिचे पत्र दाबून त्याने स्वतःच्या मनाचे दुसरे रचले होते: मला पस्तावा झाला आहे, परत यायची इच्छा आहे, वगैरे. दाराआड बसून ती हे ऐकत होती. आपले लिहिलेले खिशात, आणि आपल्या नावावर दुसऱ्याचे लिहिलेले मोठ्याने वाचले जात आहे.

१८४२ साली ती जहाजाने उत्तरेला निसटली. न्यूयॉर्कमध्ये विलिस नावाच्या नामांकित लेखकाच्या घरी दाईचे काम करू लागली. तिथेही पकडणारे येतच. शेवटी १८५२ साली विलिसच्या बायकोने ३०० डॉलर भरून तिला मोकळी केली. हॅरिएटला याचा आनंद झाला आणि खंतही वाटली: आपण विकत घेण्याची वस्तू होतो, हे त्या पावतीने कायमचे लिहून ठेवले.

एमी पोस्ट नावाच्या मैत्रिणीने तिला आपली हकिगत लिहायचा आग्रह धरला. हॅरिएटची हिंमत होईना. तिने आधी 'अंकल टॉम्स केबिन'च्या प्रसिद्ध लेखिका हॅरिएट स्टो यांच्याकडे निरोप पाठवला, की तुम्ही लिहा. स्टोबाईंनी काय केले? हॅरिएटच्या आयुष्यातल्या नाजूक गोष्टी सांगणारे ते पत्र खरेखोटे करण्यासाठी सरळ तिच्या मालकिणीकडे धाडले, आणि ही हकिगत आपल्याच पुढच्या पुस्तकात घालू म्हणाल्या. हॅरिएटला ते फार लागले. पुढच्या पत्रांना उत्तरही आले नाही. तेव्हा तिने ठरवले, आता मीच लिहीन.

दिवसा दुसऱ्याची मुले सांभाळायची आणि रात्री ती निजल्यावर लिहायचे. अशी पाचएक वर्षे गेली. मालक दक्षिणेकडच्या लोकांना सांभाळून असणारा, म्हणून त्याच्यापासून लिखाण चोरून ठेवायचे. स्वतः लेखक असलेल्या माणसाच्या घरात त्याच्याहून टिकाऊ पुस्तक त्याच्या मुलांची दाई लिहीत होती, आणि त्याला पत्ता नव्हता! विलिसचे नाव आज कोण काढतो?

पुस्तक १८६१ साली बोस्टनला निघाले. प्रकाशक बुडाला, तर तिने छपाईचे ठसे स्वतः विकत घेऊन ते काढले. पहिल्या पानावर तिने स्वतः लिहिले, असे स्पष्ट छापलेले. पण आत नाव होते लिंडा ब्रेन्ट, डॉक्टर नॉरकॉम झाला डॉक्टर फ्लिंट. संपादक म्हणून लिडिया मारिया चाइल्ड या नामांकित गोऱ्या लेखिकेचे नाव, आणि कायद्याने हक्कही चाइल्डबाईंच्याच नावावर नोंदलेला, कारण हॅरिएटचे नाव उघड करायचे नव्हते. पुस्तकाच्या शेवटी दोन दाखले: एक एमी पोस्टचा, एक तिला ओळखणाऱ्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाचा. फिलिसचे अठरा होते, हिचे दोन.

नव्वद वर्षांनंतरही ते पुरले नाहीत. विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ठरवून टाकले की ही चाइल्डबाईंनी रचलेली कादंबरी. यात सगळे गोरे किंवा सगळे दुष्ट होते असेही नाही. गुलामांच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक जॉन ब्लॅसिंगेम हे स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनीही १९७२ साली लिहिलेल्या ग्रंथात ही हकिगत विश्वासार्ह मानली नाही. ती फार नाटकी वाटते, असा त्यांचा आक्षेप. त्यांना अगदीच दोष देता येत नाही. गुलामांच्या आत्मकथनांत संपादकांनी ढवळाढवळ केल्याची उदाहरणे होती. पण त्यांत एक गोष्ट राहून गेली. पुरुष पळाले त्यांच्या हकिगती त्यांना खऱ्या वाटल्या. माळ्यावर दबून मुलांकडे पाहत बसलेल्या आईची हकिगत कादंबरी वाटली.

जीन फेगन येलिन या प्राध्यापिकाही आधी तसेच समजत. मग त्यांच्या हाती न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयातली पोस्ट कुटुंबाची कागदपत्रे आली. त्यांत हॅरिएटने एमी पोस्टला लिहिलेली पत्रे होती. शुद्धलेखन चुकलेले, विरामचिन्हे नाहीत, पण सूर तोच, बोलण्याची ढब तीच. त्यांत पुस्तकाचेच बोलणे: कुठपर्यंत आले, काय सांगायची लाज वाटते, वेळ कसा मिळत नाही. येलिनबाईंनी मग नॉर्थ कॅरोलायनाच्या दफ्तरखान्यातून नॉरकॉम घराण्याचे कागद काढले. मृत्युपत्र जुळले, घर जुळले, वकील जुळला, फरारी गुलामाची ती जाहिरात जुळली. डॉक्टरनेच जपून ठेवलेल्या कागदांनी हॅरिएटची साक्ष दिली! चाइल्डबाईंची पत्रेही तपासली: त्यांनी प्रकरणांचा क्रम लावला, काही भाग गाळायला, काही वाढवायला सांगितला, शब्द मात्र फारसे बदलले नाहीत, असे त्या स्वतःच लिहून गेल्या आहेत. १९८१ साली येलिनबाईंचा लेख आला, १९८७ साली हार्वर्डने पुस्तक नव्याने छापले, तेव्हा मुखपृष्ठावर प्रथमच खरे नाव आले: हॅरिएट जेकब्स. ती १८९७ साली वॉशिंग्टनला वारली होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. हॅरिएटला जॉन नावाचा भाऊ होता, तोही पळालेला गुलाम. दर्यावर्दी होऊन तो ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. त्याची हकिगत १८६१ साली लंडनच्या एका मासिकात आली होती, पण संपादकांनी तिची धार बोथट करून. मूळ लिखाण त्याने १८५५ सालीच सिडनीच्या एका वर्तमानपत्रात छापून घेतले होते. ते तिथल्या जुन्या अंकांत दीडशेहून अधिक वर्षे पडून होते. जोनाथन श्रोडर या अभ्यासकाला ते सापडले आणि २०२४ साली ते पुस्तकरूपाने निघाले. गुलामगिरी पोसणाऱ्या अमेरिकेच्या राज्यघटनेवर त्यात त्याने नावानिशी हल्ला केला आहे, आणि वर कोणाचाही दाखला जोडलेला नाही.